आईचं उत्पन्न

५ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी सर्दी गेली हे वाचून बरं वाटलं. इकडे चष्म्याच्या दुकानात एवढी गर्दी आहे की संध्याकाळी घरी आलो तरी डोळ्यांपुढे काचा तरंगत असतात.

काम असं, की प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायचंय. आई माझ्यावर अवलंबून आहे असं दाखवून मी दरवर्षी सवलत घेतो. यंदा तुझं वर्षाचं उत्पन्न तुझ्या सहीनिशी मागितलंय. पुस्तकबांधणीचं काम सोडल्यापासून तुझं उत्पन्न ते काय असणार? शून्य लिही आणि पाठव.

जिन्यालगतची खोली अजून रिकामीच आहे. तुझी सूनबाई तिला आईंची खोली म्हणते, आणि तू कित्येक वर्षं नुसतं ‘बघू’ म्हणतेस. तू एकटी असतेस याची फार काळजी वाटते. ये ना आमच्याकडे राहायला.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
भुंगा

१४ जून

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

सही करायला बसले आणि हात थांबला. शेगडीवर खळ शिजत होती, खिडकीतून ऊन येत होतं, बसल्या बसल्या डोळा लागला. स्वप्नात तुझ्या घरी होते. न पाहिलेली ती खोली चांगली ऐसपैस होती आणि मी तिच्या भिंतींना कापडी पुठ्ठा चढवत होते. सगळं इतकं सावकाश चाललं होतं की जागं व्हावंसं वाटेना.

तर, शून्य कसं लिहू? पुस्तकं बांधायचं मी सोडलेलं नाही, सोडलं असं तुला सांगितलं एवढंच. माझं त्यात भागतं. तू पाठवतोस ते पैसे ठेवींत आणि म्युच्युअल फंडात आहेत. व्याजावर बँक कर कापते, म्हणजे आपण सुटलो ना? आणि फंडाचा लाभांश हातात येतच नाही, परत फंडातच जातो. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते उत्पन्न कसं? कागद सोबत जोडलेत. रागावू नकोस. रागावलास की तुझं नाक लाल होतं.

सूनबाईला आशीर्वाद. लोभ ठेवा.

तुझी
आई

२२ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद दोनदा तपासले. बँक कापते तो आगाऊ कर, आई. व्याज पूर्ण दाखवायचं, मग हिशेबात कापलेला कर वजा होतो. लाभांश परत गुंतवला तरी आधी तो तुझाच झाला, तोही दाखवायचा. बांधणीची कमाईसुद्धा. ही बेरीज मर्यादेच्या बरीच वर जाते. तेव्हा तू माझ्यावर अवलंबून नाहीस आणि माझी सवलत गेली. आजवर घेतली तीही परत भरीन, त्याचं काही नाही. तुला मात्र स्वतःचं विवरणपत्र भरावं लागेल. ज्येष्ठांची सूट आणि आरोग्यविम्याची वजावट मी बघून दिली आहे. खुणा केल्यात तिथे सह्या कर.

वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. मी आईला सांभाळतो, या समजुतीत इतकी वर्षं खुशाल होतो. तुला माझी गरज नव्हतीच. खोलीचा विषय आता काढत नाही.

तरी लोभ असावाच, हट्टच समज.

तुझा
भुंगा

३ जुलै

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

कर भरून आले. बँकेच्या रांगेत पुढचा गृहस्थ कुरकुरत होता आणि मी मात्र पाय जमिनीला न लागल्यासारखी उभी होते. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कुणाच्या नावे भरताय. माझ्याच, म्हटलं.

तुला वाईट वाटलं म्हणून आज सांगते. तुझे बाबा गेले तेव्हा तू रांगत होतास. आपण मामाकडे राहिलो. मामी वाईट नव्हती. पण ताटात दुसऱ्यांदा वाढून घेताना मी आधी सगळ्यांचे चेहरे बघायचे. सूनबाईचा चेहरा मला तसा बघायचा नव्हता, म्हणून ‘बघू’ म्हणत राहिले. शून्य लिही म्हणालास, तेव्हा तेच घर आठवलं.

गरज नव्हती हे खरं आहे, राजा. गरज नसताना यायचं होतं मला.

रविवारी येते. पोटभर जेवेन.

तुझी
आई