पुन्हा एकदा सांगते

सोमवार, संध्याकाळ

दत्तूआबा गेले. आणि ते सगळ्या गावाला मी सांगितलं. मी! आठवीच्या वर्गात धडा वाचायला उभं केलं तरी जिच्या तोंडून शब्द फुटत नाही, ती.

देवळातल्या भोंग्यावरून सगळं आबाच सांगायचे. कुणाची शेळी हरवली, नळाला पाणी कधी येणार, कोण वारलं. शेवटच्या गल्लीला ऐकू जावं म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा. मला शेजारी बसवून म्हणायचे, "बोल की गं पोरी, माइक काय चावतो का?" मी पळून जायचे.

आज सकाळी सगळे त्यांच्या दारात जमलेले. भोंगा कसा लावायचा ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. देवळात गेले तर माइकला त्यांचा रुमाल तसाच गुंडाळलेला, तंबाखूच्या वासाचा. "आपल्या गावचे दत्तूआबा..." म्हणतानाच आवाज कापायला लागला. कसंबसं पुरं केलं.

मग म्हणले, "पुन्हा एकदा सांगते."

दुसऱ्यांदा आवाज कापला नाही. पार ओढ्यापलीकडून माझाच आवाज माघारी आला आणि मला तो आवडला. आबांना तिकडं ओसरीवर निजवलेलं, आणि मला माझा आवाज आवडला? अशी कशी मी?

मातीवरून आल्यावर सरपंच म्हणले, "आता इथून पुढं तूच सांगत जा, बाळा. लय खणखणीत आवाज हाय तुझा."

मी लगेच हो म्हणले.

हाताला अजून त्या रुमालाचा वास येतोय. हो म्हणायच्या आधी थोडं तरी थांबायला पाहिजे होतं.