ताडावरची मडकी

सोमवार, ७ जानेवारी १९८५
चित्रकलेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून त्यांचे तास मला मिळाले! मोठ्या बाई म्हणाल्या, "महिनाभर बघू, मग कायम करायचं ठरवू." घरी बाबा म्हणाले, "बी.ए. होऊन चेडू चित्रां काढूक शिकवतला?" घरात बी.ए. झालेली मी पहिलीच, त्यातून मुलगी.

मंगळवार, ८
वाचनालयातून पुस्तक आणलं. आकार, छटा, विरोध — तीन शब्दांत सगळी चित्रकला! डोळे किलकिले केले की बारकावे गळतात. उरतो तो आकार. कुठे किती उजेड, किती काळोख, ती छटा. काळ्याशेजारी पांढरं आलं की विरोध.
मला तर डोळे किलकिले न करताही लांबचं सगळं तसंच दिसतं. नुसते आकार! उपजत असावं.

गुरुवार, १०
सातवीला गॅलरीत नेलं, मैदानापलीकडचा ताड काढायला लावला. ल्युसीने ताडावर तीन मडकी काढली. एकाची दोरीसुद्धा.
"इतक्या लांबून मडकी दिसत नाहीत, ल्युसी."
"दिसतात ना बाई! आमचीच आहेत, ताडीची. मोजा."
घरची, म्हणून तिला माहीत आहेत. माहीत असणं वेगळं, दिसणं वेगळं — पुस्तकात हे ठळक अक्षरांत आहे. खोड म्हटलं, तर खोडेना. शेंड्यापाशी एक काळा डाग पडला होता, तेवढा मीच रबराने पुसून दिला.
चित्रकला स्पर्धेला शाळेची पाच चित्रं जाणार. सगळ्यांत चांगलं तिचंच. मोठ्या बाईंना दिलेल्या यादीत ते घेतलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

मंगळवार, १५
वर्गभर किलकिले डोळे. मोठ्या बाई दारातूनच ओरडल्या, "अगं बाई! डोळ्यांची साथ!" मी छटा समजावून सांगेपर्यंत डॉक्टरांना फोन गेला होता.

बुधवार, १६
डॉक्टरांनी बेचाळीस मुलं तपासली. सगळी ठणठणीत. ल्युसीने तर शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचली.
"बाई, तुम्ही पण बसा ना!"
बसले. सगळ्यांत वरचं एक अक्षर आलं, तेही अंदाजाने.
डॉक्टर म्हणाले, "अहो, बी.ए. कशा झालात?"
पहिल्या बाकावर बसून.

शनिवार, १९
चष्मा आला. सरळ गॅलरीत गेले. तीन मडकी. दोरीसुद्धा.
मोठ्या बाईंकडे यादी परत मागितली. का, ते सांगितलं. "असं होय," म्हणाल्या. मग यादी माझ्या हातात देत — "कायम करायचं नंतर बघू हं." ल्युसीचं नाव सगळ्यांत वर लिहिलं.
तिला सांगायला परत गॅलरीत आले. ताडाच्या शेंड्यावर एक माणूस होता.
"पप्पा," ल्युसी म्हणाली आणि तिने हात केला. त्यानेही केला.
त्याला मी रबराने पुसलं होतं.