डाव्या खुर्चीचा ताबा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकोणसत्तर, दातांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं सहायक म्हणून काम करून निवृत्त झालेली, आज बुधवारी दुपारचं जेवण आटोपल्यावर, डोकं ठिकाणावर असताना, कोणी मागे लागलं म्हणून नव्हे तर मलाच लिहायचं आहे म्हणून, हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्या हृदयाची एक झडप सोमवारी बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, फारसा धोका नाही. माझं लक्ष सोमवारकडे नाहीच, शनिवारकडे आहे. शनिवारी पहाटे पाचला मी घराच्या मागच्या खोलीतून सतरा तास दहा मिनिटांचं उड्डाण करणार आहे, आणि त्याआधी हे काम हातावेगळं झालेलं बरं. अक्षर वाकडं दिसलं तर म्हातारपणाला बोल लावू नये. तीन दिवस आनंदाने मला एका जागी बसवत नाहीये.

कलम १. राहतं घर, तीन खोल्या आणि मागची खोली धरून, माझ्या एकुलत्या एक लेकीला. बँकेत जे असेल तेही तिलाच. यात वाद घालायला दुसरं कोणी नाही. ती स्वतःशीच वाद घालत बसली तर तिची ती जाणे.

कलम २. मागच्या खोलीतलं विमान. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्या माहितीसाठी लिहिते की ते जमिनीवरून हलत नाही. तीन मोठे पडदे, एक संगणक आणि समोर दोन खुर्च्या. पण पडद्यावरचे आकडे, अंतर, वारा, इंधन हे सगळं मोठ्या प्रवासी विमानात असतं तसंच. डावी खुर्ची दवाखान्यातली, रुग्णाला आडवं करायची. दवाखाना बंद झाला तेव्हा दंतवैद्य म्हणाले, "बाई, इतकी वर्षं हिच्या शेजारी उभ्या राहिलात, आता बसा." उजवी खुर्ची भंगारातल्या मोटारीची. माझे यजमान कारखान्यात वायरमन होते. त्यांनी एकशे बारा स्विच एकेक करून बसवले आणि प्रत्येकाखाली आपल्या बारीक अक्षरात चिठ्ठी चिकटवली. पायाखाली जुन्या शिवणयंत्रांची दोन पायडलं आहेत. मी कॅप्टन आणि हे सहवैमानिक. त्यावरून भांडण झालं नाही, कारण मी आधी जाऊन डावीकडे, कॅप्टनच्या जागी, बसले होते. खऱ्या विमानात मी जन्मात एकदा बसले, तेही मधल्या खुर्चीत, आणि शेजारच्याच्या पेपराशिवाय काही दिसलं नाही.

हे विमान कोणाला, ते शेवटच्या कलमात लिहीन. त्यात एक अडचण आहे.

कलम ३. विमान ज्याच्याकडे जाईल त्याने वेळ भराभर पुढे पळवायचं बटण दाबायचं नाही. ते मी चिकटपट्टीने झाकून ठेवलं आहे. लेक एकदा म्हणाली, "आई, समुद्रावर नऊ तास काहीच होत नाही. बटण दाब, सोळापट वेगाने जाशील." मी म्हटलं, "तुझ्या वेळी नऊ महिने काढले, तेव्हा कुठे होतं बटण?" आणि काहीच होत नाही हे खोटं आहे. इंधन जळतं, विमान हलकं होतं, मग दोन हजार फूट वर चढायची परवानगी मागायची, आणि वर गेलं की वारा बदलतो. पश्चिमेकडे जाताना सूर्य मावळायचंच विसरतो, तासन्‌तास खिडकीशी बसून राहतो. आमच्या नोंदवहीत दोनशे चौदा उड्डाणं आहेत आणि एकाही उड्डाणात आम्ही मिनिटाची चोरी केलेली नाही.

कलम ४. ताब्याचा नियम. डाव्या खुर्चीतून उठायचं तर "तुमच्या हाती" म्हणायचं. दुसऱ्याने "माझ्या हाती" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. उत्तर आलं नाही तर विमान पहिल्याच्याच हाती, मग त्याला कितीही घाई असो. आम्ही पाळ्या लावायचो, एकाने झोपायचं, एकाने बसायचं. पुढे घरातही तीच सवय लागली. गॅसवरचं दूध, किल्ल्या, पाहुण्यांचं तान्हं बाळ, सगळं याच शब्दांनी इकडून तिकडे जायचं. लोक हसायचे, पण आमचं दूध कधी उतू गेलं नाही.

शनिवारी उजव्या खुर्चीत कोण, हे अजून ठरलेलं नाही. लेक सोमवारी सकाळी पोचते. एकटीने निघणं नियमात बसत नाही, तरीही मी निघणार आहे. हाच मार्ग आम्ही दोघांनी पाच वेळा धरला आणि पाचही वेळा अर्धवट सुटला. सगळ्यात लांबचा तोच एक राहिला आहे.

कलम ५. माझ्या नणंदेला, म्हणजे यजमानांच्या धाकट्या बहिणीला, माझी इस्त्री. दुसरं काहीही नाही. कारण सांगते. सहा वर्षांपूर्वी याच मार्गावर आमची पाचवी खेप होती. सोळा तास तीस मिनिटं झाली होती, उतरायला चाळीस मिनिटं उरली होती. मी पाळी संपवून पुढच्या खोलीत झोपले होते. वन्सं आल्या आणि विमानाचा लाल खुणेचा प्लग उपटून तिथे इस्त्री लावली. मी धावत आले तेव्हा तिन्ही पडदे काळे होते. त्या धक्क्यानेच यांच्या छातीत कळ आली आणि तडक त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. तेव्हापासून मी वन्संशी कामापुरतंच बोलते. इस्त्री त्यांनी जपून वापरावी.

कलम ६. हे कलम ठरलेलं नव्हतं. वरचं लिहून होतंय तोच ऑपरेशनपर्यंत सोबतीला येऊन राहिलेल्या वन्सं चहा घेऊन आल्या आणि खांद्यावरून वाचू लागल्या. वकिलांनी खाडाखोड करू नका म्हणून बजावलं आहे, म्हणून पाचवं कलम तसंच ठेवून पुढचं लिहिते.

त्या म्हणाल्या, "वहिनी, इस्त्री नको मला. माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे होती तर त्या दिवशी माझी का लावलीत?"

"हातात धरायला काहीतरी हवं होतं. इस्त्री करायचं काही नव्हतंच."

मी लेखणी खाली ठेवली. त्या मोटारीच्या खुर्चीत टेकल्या.

"दादाचे ओठ निळे पडले होते," त्या म्हणाल्या. "घोटे सुजले होते. वॉर्डात तीस वर्षं काढलीत मी, बघितल्यावर कळतं. मी म्हटलं, ऊठ, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. तर म्हणाला, विमान टेकलं की जाऊ, चाळीस मिनिटं राहिलीत. चाळीस मिनिटं नव्हती हो त्याच्याकडे. म्हणून प्लग काढला. उडायला काही उरलं नाही तेव्हा कुठे उठला."

"आणि मला सहा वर्षं सांगितलं नाहीत?"

"त्याने शपथ घातली होती. म्हणाला, बसल्या जागी मला असं झालं हे तुझ्या वहिनीला कळलं तर ती पुन्हा त्या खुर्चीला हात लावायची नाही. तुझ्यावर रागावली तर निदान उडत तरी राहील."

चहा गार झाला. यजमान त्यानंतर दोन वर्षं जगले. त्या दोन वर्षांत आम्ही एकतीस उड्डाणं केली, आणि प्रत्येक वेळी मी वन्संच्या नावाने बोटं मोडत लाल प्लगपुढे खुर्ची सरकवून ठेवायची. ती एकतीस उड्डाणं वन्संनीच दिली होती. मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सबब कलम ५ रद्द. इस्त्री कोणालाही द्या.

कलम ७. उजवी खुर्ची माझ्या नणंदेला, आणि तीही माझ्यामागे नव्हे, येत्या शनिवारपासून. त्यांनी अटी घातल्या आहेत. दर तासाला उठून स्वयंपाकघरापर्यंत दोन फेऱ्या, पायात घट्ट मोजे, आणि त्या म्हणतील तेव्हा झोप. मी सगळं कबूल केलं. त्यांना अजून उंची आणि वेग यांतला फरक कळत नाही, पण दोन दिवस हाताशी आहेत. त्यांनी स्विचांखालच्या चिठ्ठ्या वाचायला घेतल्यासुद्धा. भावाचं अक्षर त्यांना माझ्यापेक्षा पटकन लागतं.

कलम ८. आता अडचण. वकील म्हणाले, आपलं असेल तेवढंच माणसाला देता येतं. कायद्याने विमान माझं आहे. नियमाने नाही. चार वर्षांपूर्वी दवाखान्यात शेवटच्या दिवशी यजमानांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "तुझ्या हाती." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता." त्यांनी पुन्हा म्हटलं. मी पाण्याचा पेला उचलून बाहेर गेले. उत्तर दिलं असतं तर ते उठून गेले असते ना. परत आले तेव्हा ते गेलेच होते. तेव्हापासून मी डाव्या खुर्चीची धूळ पुसत आले, पण बसले नाही; आज हे लिहायलाच पहिल्यांदा टेकले. एकदाही उड्डाण केलेलं नाही. गेल्या रविवारी ऑपरेशनची तारीख कळली आणि मला आधी सुचलं ते शनिवारच्या वाऱ्याचा अंदाज बघायचं.

म्हणून राहिलेलं उत्तर मी आज साक्षीदारांसमोर मोठ्याने देणार आहे आणि सहीच्या वर लिहिणार आहे. ते या मृत्युपत्राचा भाग धरावं. त्यानंतर विमान माझं होईल, आणि माझ्या पश्चात ते माझ्या लेकीचं. तिने खोलीत येऊन, डाव्या खुर्चीत बसून, तोंडाने ताबा घ्यावा. फोनवर घेतलेला चालणार नाही. मी असेन तर ऐकेन, नसेन तर उजव्या खुर्चीतलं माणूस ऐकेल.

साक्षीदार: १. दंतवैद्य, ज्यांच्या खुर्चीत मी हे लिहिलं. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणून फक्त आभार. २. खालचे औषधवाले, ज्यांनी दुकान दहा मिनिटं बंद ठेवलं.

आम्ही दोघे लिहून देतो की बाईंनी ते शब्द आमच्यादेखत म्हटले आणि मग सही केली. आवाज स्पष्ट होता.

स्थळ: मागची खोली, डावी खुर्ची.
दिनांक: चौदा, बुधवार, दुपारी सव्वाचार.

अहो, माझ्या हाती.

(सही)