भिंतीला ओल येती

१२ ऑगस्ट, मंगळवार

पप्पांवर आज जास्तच चिडले का मी? सांगवीत नदीचं पाणी शिरलेल्या एका तळमजल्यावरच्या घरात ते सध्या रंगकाम करतायत. चाकणच्या कंपनीतून येताना त्यांना घ्यायला गेले, तर खिडक्या बंद, पंखा फुल, आणि पप्पा भिंतीवरचा काळा थर कोरडाच खरवडतायत. पापण्यांवर काळी भुकटी. तोंडाला साधा रुमालही नाही.

म्हटलं, "पप्पा, ही बुरशी आहे. सगळी छातीत जाईल."

पप्पा हसले. "बुरशी भाकरीला येती, मॅडम. भिंतीला ओल येती."

घरातली पहिली पदवी माझी, तीही सूक्ष्मजीवशास्त्राची, आणि गाडी अडली एका शब्दाशी! ओल म्हटलं की कुणी घाबरतच नाही. मी पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या. "बुरशी आलेली भाकरी खाता का तुम्ही? मग हीच बुरशी श्वासातून का घेता?"

त्यांना खोकला आला. गेल्या पावसाळ्यापासून आहे. आम्ही सगळं त्यांच्या तंबाखूवर ढकललं होतं. त्यांनी पापणीवरची भुकटी बोटाने पुसली आणि बोटाकडे बघत राहिले.

"मग इतक्या वर्सांत किती गेली आसंल गं आत?"

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," मी म्हणाले.

एरवी दवाखाना म्हटलं की "काम कोण करंल, तू?" असं म्हणतात. आज नुसतं "बरं" म्हणाले. त्या "बरं"चीच भीती वाटतेय.