माझ्या आडनावाचा स्फटिक

३ मार्च, सोमवार
विमानाच्या पंखाखाली जागा एक आणि कॅमेरे दोन: माझा आणि माझ्या सहकाऱ्याचा, त्या चष्मिसचा. शुक्रवारी संस्थेच्या डायरेक्टरबाई एक निवडणार. माझाच. ढगातले बर्फाचे कण टिपायला दोन वर्षं रक्त आटवलंय, थट्टा नाही. या आठवड्यात चिडायचं नाही असं ठरवलं.

सोमवार, दुपार
चिडलो. टेक्निशियन माझ्या कॅमेऱ्याची काच पुसायला निघाला होता! हात लावायचा नाही म्हणून ठणकावलं. म्हणतो, साहेब, हे काचेचं खास कापड आहे. असेल. मी स्वतः पुसली, बायकोने विणलेल्या लाल मफलरने. लोकर मऊ असते, एवढी साधी अक्कल नाही लोकांना.

४ मार्च, मंगळवार
सकाळी चाचणीची दोन उड्डाणं, पहिलं माझ्या कॅमेऱ्याचं, दुसरं चष्मिसच्या. शोध लागला!! प्रत्येक फोटोत तोच लांब, वळणदार स्फटिक. जगात कोणीही पाहिलेला नाही. त्याला माझं आडनाव द्यायचं. चष्मिसच्या फोटोंत एकही नाही, बिच्चारा. बायकोला फोन केला. म्हणाली, छान, येताना दूध आणा. या बाईला विज्ञानाचं काही सोयरसुतक नाही.

५ मार्च, बुधवार
चष्मिस विचारतो, बर्फ लाल कसा? जळफळाट, दुसरं काय! मावळतीचा उजेड, म्हणून सांगितलं. उड्डाण सकाळचं होतं म्हणे. मग काय झालं? कुठेतरी मावळत असेलच ना. डोकं फिरवतात नुसतं.

६ मार्च, गुरुवार
उड्डाण नाही. विमान हँगरमध्ये, दारं बंद. कॅमेरा सहज सुरू केला, तर स्फटिक हजर! म्हणजे ढग हँगरमध्येही आहे. पायलटला सांगितलं. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग मफलरकडे. मूर्ख. काच पुन्हा पुसली, चांगली जोर लावून. आता दोन स्फटिक.

७ मार्च, शुक्रवार
डायरेक्टरबाईंनी सगळ्यांसमोर चिमट्याने काचेवरून लोकरीचे दोन तंतू उचलले आणि माझ्या तळहातावर ठेवले. ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो. अंगाची नुसती लाही लाही झाली. चूक सगळी टेक्निशियनची. मला अडवायला नको त्याने?

चष्मिसचा कॅमेरा घेऊन विमान गेलं. वर ढग होते, दोन वर्षं ज्यांची वाट पाहिली अगदी तसे. मी धावपट्टीच्या कडेला उभा राहून खालून पाहिले. वारा झोंबत होता. मफलर कानांवरून घट्ट गुंडाळला.

मऊ आहे, हे मात्र खरं.