परीचा मोठा आवाज

सोमवार, ७ जुलै
तिसरीचं वाचन आज दणक्यात. मी एक ओळ, मागून अख्खा वर्ग एक ओळ. परीचा आवाज सगळ्यांच्या वर. हेडबाई व्हरांड्यातून म्हणाल्या, "वा! याले म्हणतात वर्ग." फुगले मी. लपवू कशाला!

मंगळवार, ८ जुलै
प्रशिक्षणात सांगितलेलं गटवाचन करून पाहिलं. चार-पाच पोरं माझ्याजवळ चटईवर, बाकीचे चित्रं काढून राहिले. पहिला मान अर्थात परीचा. धडा खडाखडा म्हटला तिनं. पान मात्र दुसऱ्याच धड्याचं! हसू आवरेना. मग एका शब्दावर बोट ठेवून विचारलं. परीनं धडाच पहिल्यापासून सुरू केला. दुसरा शब्द. पुन्हा पहिल्यापासून. पोरीला धडा पाठ आहे, वाचता येत नाही. अख्ख्या वर्गाच्या गलक्यात कळणार तरी कसं?

गुरुवार, १० जुलै
परीला अक्षरं जुळवणाऱ्या गटात घेतलं. चटईवर येईचना. फुगून भिंतीकडे तोंड.
सुटीनंतर तिची आई फाटकात उभी. "मॅडम, सगळ्यात मोठ्यानं वाचते माही पोरगी. तिले कच्च्या पोराईत काहून बसवलं? रडून राहिली घरी." समजावलं. काही पटलं नाही.
वरून हेडबाई: "तुझा वर्ग शांत शांत वाटून राहिला वं. पालकाले वाटते, बाई शिकवतच नाही."
आता घ्या! चिडले जाम. घरी भाजीत मीठ दोनदा.

शनिवार, १२ जुलै
सकाळची शाळा. पाठांतराला वावच नको, म्हणून चटईवर प्रत्येकाला एक वाक्य सांगायला लावलं, मी ते ज्याच्या-त्याच्या पाटीवर लिहिलं आणि पाट्या बदलून दिल्या. स्वतःचं नाही, दुसऱ्याचं वाचायचं. रेहाननं बकरीचं नाव काढताच परी सरकत सरकत आली. तिच्या हाती रेहानची पाटी: "आमच्या बकरीनं पिल्लू दिलं."
"ब... क... री..." ओठातल्या ओठात. एवढ्या मोठ्या आवाजाची पोरगी, आणि ऐकायला मला वाकावं लागलं. शेवटी रेहानकडे वळून म्हणाली, "काय नाव ठेवलं गा पिल्लाचं?" म्हणजे कळलं होतं! इतका आनंद झाला की खडूचाच हात तोंडावर ठेवला.
सोमवारी पालकसभा. हेडबाईंना वर्ग दणक्यातच हवा आहे, दोनदा बजावलंय. आणि निघताना परी ओढणी धरून विचारते, "मॅडम, सोमवारी आईले वाचून दाखवू? नवीन पाटी?"
हळू वाचेल. अडखळेल. सगळ्यांसमोर.
हो म्हणून बसले आहे.