सुखवंताच्या उजव्या फुफ्फुसात

५ जानेवारी
गोंदियाच्या दवाखान्यात रुजू झालो. तीस वर्षं सौंदडच्या राईस मिलमध्ये मशिनी सांभाळल्या, आता ऑक्सिजनचा प्लांट आणि व्हेंटिलेटरच्या हवेच्या लाइनी. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं कानानं शिकलो. आल्या आल्या कॉम्प्रेसरला पेचकसाचं टोक टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली आणि आतला वॉल्व्ह गेला म्हणून सांगितलं. उघडला, तर खरंच गेलेला. आयसीयूची सिस्टर भूमेश्वरी म्हणाली, शालीकभाऊ, आता डॉक्टरची खुर्ची घेता का जी? राहायला मागेच खोली मिळाली. बायको सुखवंता खूश आहे, भाजी दारावर येते म्हणून.

९ जानेवारी
माझ्या वर्कशॉपची भिंत आयसीयूला लागून. पलीकडे पाच नंबरवर दवनीवाड्याचा उदाराम, फ्लूनं फुफ्फुसं धरलेली, व्हेंटिलेटरवर. हवा आत गेली की तिच्यामागून आणखी एक आवाज येतो, ओल्या कोंड्यावर कोणी अनवाणी चालावं तसा. लाइन तपासली, ठीक. पलंगाजवळ गेलो, तर आवाज बंद. डॉक्टर गुंजन मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, फ्लूनं आतलं अस्तर सोलून निघते, मग हवेतली बुरशी तिथं रुजते. कानावर भरोसा नाही, दुर्बीण घालून आतलं पाणी तपासावं लागते. तपासलं. बुरशीच निघाली. तेव्हापासून भूमेश्वरी मला चहा आणून देते आणि सगळ्यांना माझ्या कानाचं कौतुक सांगत फिरते.

११ जानेवारी
उदाराम गेला. औषध लागू व्हायला वेळच मिळाला नाही. पाच नंबर रिकामा, पलंग फिनाइलनं पुसलेला. भिंतीतून आवाज मात्र येऊन राहिला आहे. कान वाजत असतील.

१५ जानेवारी
सुखवंताला चार दिवसांपासून ताप. संक्रांतीचे लाडू वळता वळता काल खाली बसली. तोच फ्लू. आज व्हेंटिलेटरवर घेतलं. रिकामा एकच पलंग होता.

१६ जानेवारी
मॅडम म्हणाल्या, वेळ घालवायचा नाही, हिचीही दुर्बिणीनं तपासणी करू, सही द्या. आधीच इतक्या नळ्या तिला. म्हटलं, थांबा, मी ऐकतो. अर्धा तास पलंगाशी उभा राहिलो. काही नाही. स्वच्छ. छातीठोक सांगितलं, माझा कान कधी चुकला नाही, दोन दिवस पाहू. मॅडम म्हणाल्या, शालीकराम, बाई म्हणजे बेअरिंग नाही. भूमेश्वरीनं माझीच बाजू घेतली.
सही दिली नाही.

१८ जानेवारी, सकाळ
भिंतीतून आला. तोच. ओला कोंडा, अनवाणी पाय. धावत गेलो — बंद. परत वर्कशॉपमध्ये — चालू. सात वेळा गेलो-आलो. मी उभा राहिलो की ते थांबते.
उदारामच्या वेळीही थांबायचं. मी ऐकत होतो, आणि ते माझी चाहूल घेऊन राहिलं होतं.

दुपार
सही दिली. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. निकालाची वाट न पाहता औषध लावलं.

१९ जानेवारी
बुरशीच. दोन दिवस मीच दिले त्याला. भूमेश्वरी माझ्याकडे पाहत नाही. मॅडम म्हणाल्या, औषध लागू व्हायला वेळ पाहिजे, तेवढा वेळ तिच्याजवळ आहे की नाही, सांगता येत नाही.
मी ऐकतो तोवर ते थांबते. मग ऐकत राहायचं.

२० जानेवारी
तिच्या छातीवर कान ठेवूनच लिहितो. उजवी बाजू. गप्प आहे. काल दुपारपासून गप्प. मॅडम सरका म्हणतात. सरकत नाही. पाणी प्यायला डोकं उचललं — तेवढ्यात चार पावलं चाललं.

दुपार
मान — डोळे मिटतात. मिटू द्यायचे नाहीत. ती अजून गरम आहे. औषधाला वेळ पाहिजे. फक्त वेळ —
आतून काहीतरी टेकलं. मऊ. माझ्या कानाच्याच आकाराचं. श्वास रोखला, तर त्यानंही —
ऐकते आहे. मी कधी झोपतो, तेच ऐक—